डागाचा अर्धा वण

मायक्रोस्कोपमधून डोळा काढून डॉक्टर अरुंधतींनी नाव पुन्हा वाचलं. बेबी, वय चार, सिमरोल. जांघेतली गाठ. आणि काचेवर चक्क मूत्रपिंडाचा कॅन्सर. एक्स-रेत तर पोरीची दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत होती.

त्रेपन्न साल. इंदूरच्या त्या इस्पितळात सर्जन प्रतापरावांनी निकाल देऊनही टाकला. त्याच दिवशी त्यांनी दुसऱ्या एका मुलाच्या मूत्रपिंडातला, कुशीच्या कातडीपर्यंत आलेला गोळा काढला होता. प्रयोगशाळेतल्या गजाननने दोन्ही काचा त्या मुलाच्या तुकड्याच्या बरणीतूनच केल्या, असं त्यांचं म्हणणं. बेबीला आज घरी सोडायचं, गजाननला नोकरीवरून काढायचं.

गजानन चुकला असेल तर पोर वाचली. नसेल तर पोरीचं कठीण होतं.

"दोन्ही बरण्या एकदम उघडल्या होत्या?" अरुंधतींनी विचारलं.

"नाही बाईजी. एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडत नाही मी. बावीस वर्षं झाली."

"बेबीच्या तुकड्यात काही वेगळं?"

"वरची कातडी सख्त होती. सुरी अडली, बस."

अरुंधतींनी काच पुन्हा लावली आणि फक्त कातडीची कड पाहिली. केसांची मुळं नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. त्या तडक वॉर्डात गेल्या.

बेबीची आई जनाबाई बोचकं बांधत होती. आधी खजरान्याच्या गणपतीला नारळ, मग घर.

"गाठ दिसल्यावर पहिल्यांदा कुणाकडे गेलात?"

जनाबाईने बोचकं आणखी आवळलं. मग खाली बघून म्हणाली, "भगताकडे. तापल्या सळईनं डाग दिला त्यानं. इथं रागावतील म्हणून बोलले नाही."

पट्टी उचलली. टाक्यांच्या कडेला अर्धा वण होता. दुसऱ्या मुलाच्या अंगावर मात्र कुठेच डाग नव्हता.

"भाजलेल्या कातडीत केसांची मुळं उरत नाहीत. उरलेला अर्धा वण या काचेवर आहे," अरुंधतींनी प्रतापरावांना सांगितलं. "काच बेबीचीच."

"मग मूत्रपिंडाचा रोग जांघेत आला कुठून?"

"गर्भात मूत्रपिंड खाली तयार होतं आणि वर सरकतं. क्वचित त्याचा एखादा कण खालीच राहून जातो. गुन्हेगार तो. चार वर्षं तिथेच दबा धरून होता."

प्रतापरावांनी बेबीच्या सुट्टीचा आणि गजाननच्या बडतर्फीचा, दोन्ही कागद फाडले आणि क्ष-किरणांच्या उपचारासाठी मुंबईला पत्र लिहायला घेतलं. आशा किती, हे कुणी विचारलं नाही. अरुंधतींना आपल्याच हुशारीचा राग आला.

दारात गजानन उभा होता.

"बाईजी, माझीच गलती निघाली असती तर बरं होतं," तो म्हणाला.

मग वॉर्डात जाऊन त्याने जनाबाईचं बोचकं उचललं आणि परत खाटेखाली ठेवलं.