दुसरा रुमाल

"हो बाजूला! लेकरू ऊर फुटेस्तोवर रडतंय आणि तू त्याच्यासमोर बसून श्वास घेतेयस? अगं, माणूस आहेस की दगड!"

आत्यानं दार असं ढकललं की ते भिंतीवर आपटून परत आलं. दुकानातून ती तशीच धावत आली होती. हातात कुणाचातरी रफूला आलेला कोट, कॉलरला खोचलेली सुई, तोंडावर घाम. पलंग आणि कपाटाच्या बेचक्यात तिची भाची, भिंगरी, बुटांसकट बसली होती आणि टाचा फरशीवर आपटत किंचाळत होती. शाळेच्या नाटकातली राणी दुसऱ्याच मुलीला मिळाली होती! आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती भिंगरीची छोटी आई. आत्याच्या मनात तिचं नाव एकच होतं, नवी. भावाच्या या दुसऱ्या लग्नाला दोन वर्षं होत आली तरी नवीच.

"ताई, जरा थांबा ना," नवी हळू आवाजात म्हणाली, "मनाच्या बाईंनी सांगितलंय, तिचा राग तिला पुरता..."

"चुलीत गेल्या तुझ्या मनाच्या बाई!"

आत्यानं कोट फेकला, नवीला कोपरानं सारलं, भिंगरीला ओढून छातीशी धरलं आणि तिच्या स्वतःच्याच डोळ्यांना धारा लागल्या. "माझ्या बाळाला कुणी रडवलं गं... तुझी आई असती तर आज... रांगत होतीस तू, रांगत! तेव्हापासून या हातांनी जपलंय तुला... तू रडलीस की माझा जीव जातो गं, भिंगरे!"

आणि काय आश्चर्य! भिंगरी गप्प झाली. एकदम गप्प. तिनं खिशातून रुमाल काढला, आत्याचे डोळे पुसले आणि म्हणाली, "रडू नको ना आत्या. मी बरी आहे. बघ, थांबले मी."

आत्यानं भिंगरीच्या डोक्यावरून नवीकडे पाहिलं. तिच्या ओल्या डोळ्यांत जे चमकलं त्याला विजयच म्हणायचं, दुसरं काही नाही. नवी उठली, जमिनीवरचा कोट उचलून तिनं खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

खरं सांगायचं तर आत्याला या घरात आपलं म्हणायला दुसरं काही उरलंच नव्हतं. भिंगरीची आई गेली तेव्हा आत्याचं लग्न ठरलेलं होतं, समोरच्या फुटपाथवरच्या घड्याळवाल्याशी. "थोडं थांबा, मूल जरा मोठं होऊ दे," असं तिनं त्याला सांगितलं. तो बिचारा थांबलाही, आणि मग एक दिवस थांबायचा थांबला. आजही आत्या दुकानाच्या काचेमागे कोटाची भोकं बुजवत बसते तेव्हा समोर त्याची बायको डबा घेऊन येताना दिसते. तेही तिनं गिळलं होतं! कारण संध्याकाळी घरी आलं की एक चिमुरडी "आत्याऽऽ" करत गळ्यात पडायची. साऱ्या जगानं घ्यावं काय घ्यायचं ते, पण ही हाक आपली! आणि आता त्या हाकेतही वाटेकरी आली होती... तीही कालपरवा आलेली!

बरं, भांडायला तरी काही मिळावं? तेही नाही! नवी उलटून बोलायची नाही, रुसायची नाही. भिंगरीचा राग फार वाढला, ती वर्गात पट्ट्या मोडू लागली, तेव्हा शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे नवीच जाऊ लागली. मुलं त्यांना मनाच्या बाई म्हणत. तिथून शिकून यायचं आणि घरी तासन्‌तास सराव करायचा. राग आला की पाय जमिनीवर टेकव. त्याला नाव दे. तो कुठे दुखतोय ते सांग. आणि मोठ्या माणसानं काय करायचं? तर काही नाही! नुसतं जवळ बसायचं.

"श्वास घ्यायला शिकवतात म्हणे शाळेत!" आत्या भावाला ऐकवायची. "जन्मल्यापासून काय घेत होती मग ती?"

भाऊ वर्तमानपत्रात तोंड खुपसायचा. बहीण आणि बायको यांच्यामध्ये तोंड बंद ठेवण्याची कला त्याला चांगलीच साधली होती.

पण त्या दिवशी जेवताना भिंगरीच बोलली. "शनिवारी सोबतीचा तास आहे. मनाच्या बाई म्हणाल्या, प्रत्येकानं घरातलं एक माणूस आणायचं. ज्याच्याजवळ आपल्याला मनातलं सगळं सांगता येतं, ते. एकच हं!"

आत्यानं घास खाली ठेवला, हात पुसला, केस सारखे केले. शनिवारी दुकान बंद ठेवावं लागणार, निळा पोशाख इस्त्री करायला हवा, असं सगळं तिच्या मनात येऊनसुद्धा गेलं!

"मी छोट्या आईचं नाव दिलं," भिंगरी म्हणाली आणि बटाट्याची फोड तोंडात टाकली.

आत्यानं पाण्याचा पेला दूर सारला. कृतघ्न... कृतघ्न पोर! ताप आला तर उशाशी मी, दात आले तर चावायला माझं बोट, आणि मनातलं सांगायला ही? दोन वर्षांची पाहुणी? तिच्या अंतःकरणात मत्सराचा असा काही डोंब उसळला की समोरची नवी तिला दिसेनाशी झाली.

"छान," ती म्हणाली. "फार छान. आमचं काय, आम्ही भोकं बुजवणारी माणसं!"

भिंगरीनं चटकन तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात खिशाकडे गेला. पण आत्या ताट उचलून निघूनही गेली होती.

पुढचे दिवस घरात आत्यानं जे चालवलं ते सांगायलाही लाज वाटावी असं होतं. भिंगरीची वेणी नवीनं घातली की ही ती सोडून पुन्हा घालायची. नवीनं मीठ टाकलं की ही चाखून म्हणायची, "असेल बाई, तुमच्याकडे असंच खात असतील." दोघी मायलेकी कशावरून तरी हसल्या की शेजारच्या खोलीत हिच्या सुईचा नेम चुकायचा आणि बोटातून रक्त यायचं. आपण वाईट वागतोय हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणून तर जास्तच राग येत होता! फक्त एका गोष्टीनं तिला धीर यायचा. भिंगरी रोज सकाळी शाळेत जाताना तिच्याकडूनच रुमाल मागून घ्यायची, आणि तेही दोन. आत्याच ते शिवायची, जुन्या शर्टांच्या मऊ कापडाचे, कडेला बारीक टीप घालून. "दोन कशाला गं लागतात तुला, शेंबडे?" असं ती लाडानं विचारायची आणि भिंगरी नुसती खांदे उडवायची. निदान रुमाल तरी माझे नेते, असं आत्या स्वतःला सांगायची.

शनिवारी सकाळी नवी अंथरुणातून उठलीच नाही. "ताई, अंगात कणकण आहे. तुम्हीच जाल का भिंगरीबरोबर?"

आत्या "बघते जमलं तर" असं तोंडानं म्हणाली खरी, पण निळा पोशाख अंगावर चढायला वेळ लागला नाही. आता कळेल त्या बाईंना खरं माणूस कोणतं ते! रस्ताभर तिनं भिंगरीचा हात इतका घट्ट धरला होता की शेवटी भिंगरीलाच "आत्या, दुखतोय" असं म्हणावं लागलं.

मनाच्या बाईंची खोली लहानच होती. दोन बुटक्या खुर्च्या, एक सतरंजी, खिडकीत पाण्याचा जग. बाई स्वतः जाडजूड, हसऱ्या, आणि त्यांच्या स्वेटरच्या कोपराला भोक! आत्याची नजर आधी तिथेच गेली.

"बस भिंगरी," बाई म्हणाल्या. "राग आला किंवा वाईट वाटलं, की घरी कसं करायचं ते आज आत्याला दाखव. राणीची गोष्ट सांग हवी तर."

भिंगरी बुटक्या खुर्चीवर बसली. पाय जमिनीवर टेकवले. डोळे मिटले, उघडले. मग तिनं डाव्या खिशातून एक रुमाल काढून स्वतःच्या मुठीत धरला. उजव्या खिशातून दुसरा काढला, त्याची घडी सारखी केली आणि तो आत्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"हा कुणाला?" बाईंनी विचारलं.

"आत्याला. मी सांगायला लागले की तिला लागतो."

"आणि मग?"

"मग मी थांबते," भिंगरी अगदी साधेपणानं म्हणाली. तक्रार नव्हती, काही नव्हतं. "आत्या रडली की तिला आईचं आठवतं. मग तिला खूप त्रास होतो. मी पाणी आणून देते, डोळे पुसते. म्हणून मी दोन नेते. एक माझा, एक तिचा."

आत्याला वाटलं, आपल्या पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढून घेतली. एवढीशी पोर! आपण तिला जपतोय म्हणून मिरवत होतो, आणि ती आपल्याला जपत होती... रोज, खिसा भरून! तो त्या दिवशीचा विजय, ते तिचं एकदम गप्प होणं... ती शांत झालीच नव्हती! आपल्यासाठी तिनं स्वतःचं रडं गिळलं होतं! ओल्या कापडावर कधी रफू करू नये, चुणी पडते, हे आत्या गिऱ्हाइकांना दिवसभर सांगायची, आणि घरी मात्र पोरीचे डोळे ओले दिसले की सुई घेऊन धावायची.

हुंदका गळ्याशी आला. वर्षानुवर्षांची सवय ती, विचारून थोडीच येते! समोर घडी घातलेला रुमाल तयार होता आणि भिंगरीचा हात आधीच अर्धा पुढे झाला होता.

आत्यानं दोन्ही पाय जमिनीवर दाबले. ज्याची तिनं घरभर टिंगल केली होती, तो श्वास तिनं घेतला. वेडावाकडा, अडखळत, पण घेतला. रुमाल उचलला नाही.

"भिंगरे," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "मला आत्ता फार रडू येतंय. पण ते माझं आहे. माझं मी बघते. तू नको बघूस, राजा."

भिंगरीचा हात तिथेच थांबला.

"आणि अजून एक. मला हेवा वाटतो. तुझ्या छोट्या आईचा. तू तिचं नाव दिलंस तेव्हा इथे, छातीत, नुसतं जळलं. पण तो तुझा दोष नाही. तिचाही नाही."

भिंगरी डोळे मोठे करून पाहत राहिली. "मोठ्या माणसांना पण वाटतो?"

"मला तर भरपूर वाटतो!"

"मला पण," भिंगरी पुटपुटली. "ती राणी झालेली आहे ना... तिचे डोळे तिच्या आईसारखे आहेत. सगळे म्हणतात. माझे कुणासारखे आहेत ते मला माहीतच नाही! आई कशी हसायची, कशी बोलायची... मला विचारायचं असतं. पण विचारलं की तू रडतेस... म्हणून मी विचारतच नाही, आत्या!"

आणि मग ती रडली. ऊर फुटेस्तोवर, नाक वाहत, टाचा आपटत. आत्यानं तिला ओढून घेतलं नाही, "गप्प हो" म्हटलं नाही. हात पुढे जायचे, ते ती मांडीवर दाबून धरायची. "मी इथेच आहे," एवढंच ती म्हणत राहिली. केवढं कठीण होतं ते! त्याला दगडपणा कसं म्हणालो आपण? रडून रडून भिंगरी दमली, आपणहून उठली आणि आत्याच्या मांडीत येऊन बसली.

"तुझ्या आईसारखेच आहेत डोळे," आत्या म्हणाली. "आणि हसायची ना, तर घोड्यासारखी! शेजारचे खिडकीतून डोकावायचे."

भिंगरीला हसू फुटलं. अगदी तसंच, घोड्यासारखं.

घरी आल्या तेव्हा तापानं फणफणलेली नवी स्टुलावर चढून वरचं फडताळ पुसत होती. दोघींना पाहून तिच्या हातातलं फडकंच पडलं.

"ताप उतरला वाटतं?" आत्यानं विचारलं.

"हो, म्हणजे... आत्ताच."

"चढला होता कधी?"

नवी खाली उतरली. मान वर करेना.

"तिनं तुझं नाव दिलं होतं," आत्या म्हणाली. "तुझ्या हक्काचं होतं ते! मला का देऊन टाकलंस? मी तुला इतकं टोचून बोलले, आणि तू..."

"मलाही हेवा वाटतो, ताई," नवी घाईनं बोलली, जणू थांबली तर धीर जाईल. "तुमचा. राग आला की ती माझ्याकडे येते खरी, पण झोपेत 'आत्या' म्हणून हाक मारते. कधीतरी मला हाक मारेल म्हणून मी जागी राहून ऐकायची... नाही मारत. मग वाटलं, जिला ती झोपेतही विसरत नाही, तिला जागेपणी कशाला दूर ठेवू?"

आता मात्र आत्याचा बांध फुटला! तिनं नवीला मिठीत घेतलं आणि दोघी त्या ओल्या फडक्यासकट एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. दारात भिंगरी उभी होती. सवयीनं तिचा हात खिशाकडे गेला...

"नाही गं बाळा," आत्या नवीच्या खांद्यावरूनच म्हणाली. "आमचं आम्ही पुसतो. जा तू, खेळ."

भिंगरी थोडा वेळ घुटमळली. खरंच जायचं का, असं तिनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पळाली.

आत्याचा हेवा काही त्या दिवशी संपला नाही. भिंगरी आधी "छोटी आई" म्हणून ओरडली की अजूनही तिच्या छातीत चुरचुरतं. फरक इतकाच, की आता ती नवीला सरळ सांगते, "आज जळलं गं माझं," आणि नवी हसून चहा टाकते.

सोमवारी सकाळी आत्यानं नेहमीसारखे दोन रुमाल घडी घालून टेबलावर ठेवले. भिंगरी दप्तर पाठीला लावून आली, एक उचलून खिशात कोंबला आणि दाराकडे धावली.

"अगं, दुसरा राहिला!" आत्यानं हाक मारली.

"तो तुझ्याकडेच ठेव," भिंगरी जिन्यावरून ओरडली. "मला एकच पुरे!"

आत्यानं तो रुमाल उचलला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.