रोस्को पेटिग्रूच्या सहा हजेऱ्या

डॅडी टीव्हीवर एकूण सहा वेळा आले. आधी जादूगार, मग दोन पायांवर नाचणारी कुत्री, मग एखादा विनोदवीर, आणि त्यानंतर ‘आपले पाहुणे, डेट्रॉइटचे रोस्को पेटिग्रू’. चार मिनिटं. पुढे स्टुडिओवाल्यांनी त्याच फितींवर दुसरे कार्यक्रम भरले, त्यामुळे चित्र कुठेच उरलं नाही. उरल्या त्या ओडेसा आत्याच्या सहा टेपा. टीव्हीसमोर सोफ्याच्या हातावर मायक्रोफोन ठेवून, घरातल्यांना डोळे वटारून गप्प बसवून तिने केलेल्या.

मी तीन वर्षांची असताना डॅडी गेले. त्यांचं गाणं माझ्याकडे तबकड्यांवर आहे. त्यांचं बोलणं मला आठवत नाही.

म्हणून वाचनालयाने शहरातल्या, काळ्या लोकांचं ‘सोल’ संगीत गाणाऱ्या गायकांची नोंद करायला घेतली, तेव्हा डॅडींचं काम मी मागून घेतलं. ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन मी आठ महिन्यांच्या माझ्या लेकीला, इमानीला सांभाळत घरीच बसले होते. तक्ता आखला: तारीख, कार्यक्रम, गाणं, कोटाचा रंग (तो आत्याला तोंडपाठ), आणि शेवटचा रकाना ‘बोलणं’. गाण्याआधी निवेदक पाहुण्याशी अर्धा मिनिट गप्पा मारायचा. मला ते अर्धं मिनिट हवं होतं.

आत्याने मला दिलेल्या पाचही टेपांवर नेमकं तेच फोनने खाल्लं होतं.

त्या काळी आपल्या काळ्या लोकांतलं कोणी टीव्हीवर दिसलं की बघणारा आधी फोनकडे धावायचा. “अगं, टीव्ही लाव, लवकर!” आनंदाच्या भरात रेकॉर्डिंगचं वाटोळं. निवेदक विचारतो, “मग रोस्को, घरी कोण कोण?” की ट्रिंग ट्रिंग, आत्याच्या सपाता फटफट, “हॅलो? अहो, लावलाय टीव्ही! हॅलो?” आणि मग एकदम ऑर्केस्ट्रा. पाच टेपा ऐकल्या. पाच वेळा हेच.

ती रीत माझ्याही अंगात असावी. टेप लावली की मी आत्याचा नंबर फिरवायचे, तेव्हापासूनचा तोच. “लावतेय हं,” एवढंच सांगायला. कडेवर इमानी, दात येत होते, सारखी रडायची. पण दर वेळी लाइन कुठेतरी भलतीकडे लागायची. पलीकडे गलका, बँड, कुणीतरी बाई “हॅलो? हॅलो?” करून ठेवून द्यायची.

शनिवारी आत्या पीचचा कॉब्लर, फळं घालून भाजलेला तिचा गोड पदार्थ, घेऊन आली.

“आत्या, फोन का ठेवतेस गं सारखी?”

“कसला फोन? आठवडाभर माझा फोन वाजलेला नाही. मेलात की काय सगळे, म्हणून बघायला आले.”

आम्ही हसलो. मी टेपवरच्या फोनचं विचारलं. “तुला तेव्हा जरा दम धरवला नाही?”

“वाजता फोन तसाच ठेवू? आणि कोण असायचं कोणास ठाऊक. दर वेळी तेच. एक तान्हं पोर रडायचं, बाई काही बोलायची नाही. तुझा बाप घरी आला की पहिलं विचारायचा, ‘आला का गं तिचा फोन?’ आपल्याला ठाऊकच असल्यासारखा.”

सहावी टेप तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. इतकी वर्षं तिने ती वाजवली नव्हती.

“त्या दिवशी नवं गाणं म्हणणार होता. नुसता उभा राहिला. लोक म्हणाले, प्यायलाय. आयुष्यात थेंब घेतला नव्हता गं त्याने. परत कोणी बोलावलं नाही, आणि सहा महिन्यांत गेला. तू ऐक. मला नको.”

ती गेल्यावर मी कानाला हेडफोन लावून पाचवी टेप पुन्हा ऐकली. आत्याच्या दोन ‘हॅलो’च्या मध्ये, रिसीव्हरमधून झिरपलेलं, अगदी बारीक रडणं होतं. तीन आखूड हुंदके, एक उचकी, मग लांब सूर.

हे रडणं कोणाचं, हे आईला सांगावं लागत नाही. मी पाळण्याकडे पाहिलं.

चौथी लावली. तिसरी लावली. तेच.

म्हणजे ते अर्धं मिनिट मीच खाल्लं होतं. पाचही वेळा.

सोमवारी दुपारी मी फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली, इमानीला मांडीवर घेतलं आणि सहावी टेप लावली.

“मग रोस्को, घरी कोण कोण?”

फोन वाजला नाही.

“बहीण आहे, बायको आहे.” जाड, किंचित खरखरीत, हसरा आवाज. “आणि माझी रोझलिन. दोन वर्षांची.”

माझं नाव. मी ओठ चावून धरले.

“आणि आता फोन वाजेल बघा,” डॅडी म्हणाले. “तो आल्याशिवाय आपण गात नाही.”

प्रेक्षक हसले. बँडने सुरुवातीची सुरावट वाजवली. पुन्हा वाजवली. पुन्हा. कोणीतरी खोकलं.

“रोस्को?”

“येईल हो. दर वेळी येतो.”

इमानीला खाली ठेवून मी फोनपाशी रांगत गेले. वायर भिंतीत बसेना. बसली. नंबर फिरवला.

“बोल, पोरी,” आत्या म्हणाली. आजची, म्हातारी आत्या. मागे तिचा स्वयंपाकघरातला रेडिओ. “काय गं? रडतेयस का?”

टेपवर बँड थांबला होता.

तक्ता मी वाचनालयाला दिला. सहाव्या ओळीत ‘बोलणं’ भरलं, ‘गाणं’ कोरं ठेवलं.

इमानी आता दोन वर्षांची आहे. दुपारी खेळातला फोन कानाला लावून बसते. बोलत नाही, नुसती ऐकते. काल आत्याच्या घरी, आत्या टेबलाशी भेंडी चिरत असताना इमानी गुणगुणायला लागली. आधी सहाव्या टेपवरची सुरावट, तीनदा. मग त्यापुढचं, टेपवर नसलेलं.

आत्याने सुरी खाली ठेवली.

“हे तुला कुठे सापडलं?” तिने मला विचारलं. “हे नवं गाणं तुझ्या बापाने फक्त याच टेबलाशी बसून म्हटलं होतं.”

इमानीने ओठांवर बोट ठेवलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.