आतून ठोठावलेलं दार

दारू प्यायला ज्यानं कधी कुणाची परवानगी घेतली नाही, तो माझा मुलगा हल्ली मोरीत जायलाही परवानगी मागतो.

खोलीचं दार सताड उघडं असतं. तरी हा बेचाळीस वर्षांचा घोडा उंबरठ्याच्या आत उभा राहतो आणि आतूनच ठोठावतो.

टक... टक... टक.

बाहेरून कुणी "ये" म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाही. ताट वाढलेलं असो, ओसरीवर पाहुणे बसलेले असोत. सून कोकिळा म्हणते, "केंद्रातली सवय आहे, जाईल हळूहळू." चार महिने झाले. त्याच्या या खोडीची तक्रार मी गावभर केली.

परवापर्यंत मलाही ती खोडच वाटत होती.

मी जसोदाबाई, कळसाडीची. तिसरी शिकलेली. घरात दोन म्हशी, शेतात पपई, भुतांच्या गोष्टी रचत बसायला मला सवड नाही. जे झालं ते लिहिते आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं वाचू नये, मी कुणाला बोलावलेलं नाही.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही. मुख्य जे झालं ते भर दुपारी, दोन ते तीनच्या मध्ये.

माझा हेमराज आधी लग्नाकार्यात प्यायचा. मग रोज. मग सकाळी उठल्या उठल्या. पपईच्या बागेत ठिबकच्या नळीशेजारी चिखलात पडलेला सापडायचा आणि मजूर बाया त्याला ओलांडून जायच्या. माझ्या मुलाला! शेवटी होळी झाली आणि मी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. म्हसावदच्या पुढे, रस्त्यापासून आत. नाव लिहीत नाही.

पूर्वी ती केळी पिकवायची वखार होती. ओळीनं चार खोल्या. वीतभर जाड दारं, खिडकी नाही, कडी फक्त बाहेरून.

कागदावर सही मी केली. तिथला रखवालदार रायसिंग, त्याला बजावलं, "तीन महिने. रडला तरी, पडला तरी दार उघडू नका."

रायसिंग माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, माझा दरारा बघून दचकला असेल.

पुढचं हेमराजनं मला नंतर सांगितलं.

त्याला तीन नंबरची खोली मिळाली. सोबत मिथुन नावाचा एक जण, दुसऱ्यांदा आलेला. त्यानं नियम शिकवला. बाहेर जायचं तर आतून तीनदा ठोठावायचं, आपलं नाव सांगायचं, बाहेरचा "ये" म्हणाला की कडी निघते. तोवर दाराशी उभं राहायचं.

पहिले दहा दिवस हेमराजचे हात कापत होते. अंगावर मुंग्या चढल्यासारख्या वाटायच्या. जेवण पोटात ठरत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी वीज गेली.

पंखा थांबला. वखारीत इतकं सामसूम झालं, की स्वतःचा श्वास ऐकू यावा...

टक... टक... टक.

शेजारच्या चार नंबरच्या खोलीतून.

हेमराज वाट बघत राहिला. आता नाव सांगेल. आता सांगेल...

नाव आलंच नाही.

"बाजूले कोन शे?" त्यानं विचारलं.

मिथुननं उशी कानावर दाबली. "कोनी नही. मोडेल पलंग शेतस."

"मंग ठोकस कोन?"

"आयकू नको. आन् काही बी व्हवो, 'ये' म्हनू नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज दोन वाजून गेले, की तीनदा टकटक, मग शांतता. पण ती शांतता रिकामी नव्हती. हेमराज म्हणतो, दाराला कान लावून कुणी उत्तराची वाट बघत असलं, की भिंतीपलीकडूनही कळतं.

आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली.

आवाज रोज खाली सरकत होता.

पहिल्यांदा छातीच्या उंचीवरून आला होता. चार दिवसांनी कमरेच्या. मग गुडघ्याच्या. जसं कुणी ठोठावता ठोठावता दाराला टेकून खाली बसत चाललंय...

रविवारी घरी फोन करायला पाच मिनिटं मिळायची. त्यानं मला फोन केला. आवाज लहान पोरासारखा.

"माय, बाजूनी खोलीमा कोनी तरी शे. दार ठोकस, कोनी उघाडत नही. माले घर लई जाय."

केंद्रवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पेशंट सुटायला काय वाटेल ते बहाणे करतात, घरच्यांनी विरघळायचं नाही. आणि मी तर विरघळणारी बाईच नाही.

"दारूनी याद उनी का? नाटक बंद कर!" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यानं फोन केला नाही. एकदाही नाही.

मला वाटलं, सुधारला.

तीन महिने भरले. जीप करून मी एकटीच त्याला आणायला गेले. ज्येष्ठातलं ऊन, पायाखालचा फुफाटा पोळत होता. पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. वीज नव्हती. रायसिंगनं मला ओळखलं, "बसा माय, आनतो त्याले," म्हणून मागच्या अंगणाकडे गेला.

बसायला मी काय पाहुणी होते? चालत चालत खोल्यांपाशी गेले. आत काळोख, गारवा. इतक्या वर्षांनीही पिकल्या केळ्यांचा गोडूस वास...

टक... टक... टक.

समोरच्या दारातून. अगदी खालून, जमिनीजवळून.

 तीन महिन्यांनी माझं लेकरू दार ठोठावत होतं आणि रायसिंग त्याला अंगणात शोधत होता!

"ये रे बाबा, ये," मी म्हटलं. "चल आता घर."

आत काहीतरी सरकलं... जसं कुणी भिंतीला धरून उठतंय.

मग माझ्या अंगावरून गार वारा गेला. बंद दारातून.

"माय?"

आवाज मागून आला. मी वळले. पिशवी घेऊन हेमराज अंगणाच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या शेजारी रायसिंग.

मी पुन्हा दाराकडे बघितलं. कडीला कुलूप होतं. कुलपावर गंज. दारावर चुन्यानं लिहिलेला चारचा आकडा.

रायसिंगचं तोंड उतरलं. "माय... तुमी 'ये' म्हनात?"

"म्हटलं. मग?"

तो हेमराजला घेऊन जीपकडे वळला. हेमराज जीपमध्ये बसल्यावर मी रायसिंगला कोपऱ्यात गाठलं. तेव्हा एवढंच म्हणाला, की गिरधर नावाचा माणूस होता त्या खोलीत. तापीकाठच्या चांगल्या घरातला. भर उन्हाळ्यात दुपारभर ठोठावत होता. सगळ्यांना नाटक वाटलं.

"मग?"

"त्यानी मायनी बी असंच सांगेल व्हतं. पडला तरी उघडू नका."

पुढं मी विचारलं नाही. दार उघडलं तेव्हा तो उरला नव्हता, हे न सांगता कळलं.

घरी येताना ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं. का बघतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नही माय, गाडी जड वाटस."

तेव्हापासून हे ठोठावणं.

हेमराजनं दारूला हात लावलेला नाही, हे खरं. पण हसत नाही. जेवताना कोपऱ्यात अंग चोरून बसतो, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मी रोज ओसरीवरून ओरडायची, "ये रे, ये!" आणि तो यायचा.

परवा मी शेंगा फोडायला त्याच्या खोलीसमोरच बसले होते. दुपारचे अडीच. कोकिळा जेवायला वाढत होती. हेमराज उठला, उंबरठ्याशी येऊन थांबला.

त्याच्या दोन्ही हातांत पाण्याचा तांब्या होता. दोन्ही हातांत.

टक... टक... टक.

चौकटीवर. खालून, गुडघ्याच्या उंचीवरून.

सूप माझ्या हातातून पडलं.

"हेमराज... तू नही ठोकत?"

त्यानं मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मी कव्हयच ठोकं नही, माय. तो ठोकस. मन्हा पुढे उभा ऱ्हास. तू 'ये' म्हनस, तव्हय पहिले तो निंघस... मंग मी."

"माले सांगं का नही?"

"सांगं व्हतं ना. फोनवर."

ओसरीवर ऊन होतं. कोकिळाच्या हातात पळी तशीच. चार महिने रोज चार-पाच वेळा मी ज्याला "ये" म्हणून बोलावत होते...

टक... टक... टक.

या वेळी जोरात. उत्तर हवं होतं.

मी उठले. उंबरठ्यापाशी गेले. आतून गार वारा येत होता, केळ्यांच्या वासाचा. मी हात आत घातला आणि पोराचं मनगट धरलं.

"हेमराज, तू खरा शे. खोटी तुन्ही माय शे. त्याले मी बलावं, त्याले मी सांभाळसू. पन हाई घर तुन्हं शे... पहिले तू ये."