हात केला आणि बस निघून गेली

वरच्या तळ्याच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसने आपल्या घरी परत यायचं, एवढीच आमची मोहीम होती. गाडी नाही, टॅक्सी नाही, वाटेत कुणाच्या ट्रकला थांबवणं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या एका दिवसावर आमचं घर टांगलेलं होतं.

झालं असं, की हे जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आणि पाठोपाठ डॉक्टरांनी डोळे तपासून यांचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं. लेकीने धोशा लावला, "डोंगरात, गाडीशिवाय, तुम्ही दोघं राहणार कसे? घर विका आणि आमच्या शेजारी या." तिची काळजी खोटी नव्हती. पण ज्या खिडकीशी शिवणयंत्र लावून, समोरच्या पाण्याकडे बघत मी निम्म्या गावाचे कपडे शिवले, ती खिडकी सोडायची माझी तयारी नव्हती. यांनी तर हसणंच सोडलं होतं. शेवटी मीच म्हटलं, "आम्ही बसने वरच्या तळ्यावर जाऊन परत येऊन दाखवतो. जमलं तर घराचा विषय बंद. गाडी मागवायची वेळ आली, तर मी स्वतः सामान बांधीन."

साक्षीदार म्हणून लेकीने जावईबापूंना धाडलं. माणूस गुणी, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढणारा! सकाळी हजर झाले ते नव्याकोऱ्या बुटांत. बूट बघूनच मी पिशवीत चिकटपट्ट्यांचं पाकीट टाकलं.

पहिली बस निघाली. हे सवयीने पहिल्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणाला यांचा उजवा पाय समोरची फळी दाबू लागला. बिचारी फळी! समोरून दुसरी बस आली की आमच्या ड्रायव्हरने स्टेअरिंगवरून पंजा उचलायचा, समोरच्यानेही उचलायचा, आणि सीटवरून यांनीही.

"ओळखीचे आहेत का, बाबा?" जावईबापूंनी विचारलं.

"नाही हो. बस चालवतोय ना तो."

शेवटच्या थांब्यावर उतरलो. ड्रायव्हरने बस वळवली आणि धुरळा उडवत तो निघून गेला. हे तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "हे काम माझं असायचं. लोक पाठीवर पिशव्या घेऊन वर जायचे आणि मी बस वळवायचो."

"आज तुम्ही पिशवीवाले," मी म्हटलं. "चला."

पायवाट आधी उंच झाडांमधून गेली. जमीन मऊ, हवेला डिंकाचा वास, आणि मधूनच खाली मोठ्या तळ्याचा निळा तुकडा दिसायचा. मी मजेत होते. झाडं संपली आणि मजाही संपली! समोर सगळी सुट्या दगडांची चढण. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही. जावईबापूंच्या टाचा सोलवटल्या, माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, आणि हे मात्र घाटात भरलेली बस चढवावी तसे एका लयीत, न थांबता, चढत होते.

खिंडीत पोचलो आणि धुकं उतरलं. हातभरावरचं दिसेना. डाव्या अंगाला कडा होता, हे खालून बघून ठेवलं होतं, त्यामुळे माझ्या तोंडचं पाणी पळालं. जावईबापू जागच्या जागी खिळले.

"मला काही दिसत नाहीये, बाबा."

"मला तर रोजच असं दिसतं," हे शांतपणे म्हणाले. "उजवा हात खडकाला लावा. हात सुटू द्यायचा नाही आणि घाई करायची नाही."

मी गळ्यातली लांब ओढणी काढली. एक टोक यांच्या मनगटाला, मधला भाग माझ्या कमरेला, दुसरं टोक जावईबापूंच्या हातात. अशी आमची वरात खडक चाचपत सरकत राहिली. माझा पाय एकदा सटकला. ओढणी ताणली गेली, टाका उसवल्याचा आवाज आला, पण दोन्हीकडून मला घट्ट धरलेलं होतं. मग वारा सुटला. धुकं फाटलं आणि खाली, अगदी पायाशी, वरचं तळं!

काय सांगू! इतकं हिरवं पाणी मी कापडातसुद्धा पाहिलं नव्हतं. काठावर बर्फाचा एक मळकट तुकडा अजून चिकटून होता. आम्ही तिघं उतारावरून अक्षरशः धावलो. मी पाय पाण्यात घातले आणि गारठ्याने किंचाळले, मग हसतच सुटले. हे माझ्या शेजारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते. "छान आहे," एवढंच म्हणाले आणि माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही.

जावईबापूंनी तर कमालच केली. शर्ट काढला आणि सरळ उडी मारली! वर आले ते ओठ निळे, पण चेहरा असा खुललेला की हाच का तो माणूस, असं वाटावं. मग उकडलेली अंडी, पाव, उन्हात वाळणं, पुन्हा एक उडी. वेळेचं भान कुणालाच राहिलं नाही. पहाडाची सावली पाण्यावर आली तेव्हा हे दचकून उठले.

"शेवटची बस!"

पलीकडची उतरण आम्ही कशी उतरलो ते पायांना विचारा. खाली मोठ्या तळ्याच्या रस्त्याला लागलो आणि वळणावर बसचा हॉर्न ऐकू आला. जिवात जीव आला! बस समोर आली. हे रस्त्याच्या कडेला, नोकरीतला निळा कोट घालून, पुढे उभे. यांनी झोकात पंजा उचलला. ड्रायव्हर खूश झाला. त्यानेही पंजा उचलला, हसला, आणि बस आमच्यासमोरून निघून गेली.

मला आधी कळेचना. मग कळलं. यांनी बसला हात दाखवलाच नव्हता, ड्रायव्हरला सलाम केला होता!

हे तसेच उभे होते, पंजा अजून वर. "सवय," ते पुटपुटले. "माझ्याच हाताने घालवली मी."

जावईबापूंनी खिशातून फोन काढला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, हे मी आजही मान्य करीन. "आई, दुसरा उपाय नाही. मी गाडी बोलावतो."

यांच्याकडे बघवेना. मी रस्त्याकडे बघत राहिले. रस्ता तळ्याच्या काठाने लांबवर गेला होता आणि समोरच्या टेकडीआड दिसेनासा झाला होता. वरून उतरताना मी तो पूर्ण पाहिला होता. झालर लावावी तसा तो अख्ख्या काठाला वळसा घालून टेकडीच्या मागे परत येतो.

"टेकडी चढून पलीकडे उतरलो तर?" मी म्हटलं. "बस वळसा घालणार. आपण सरळ जाऊ."

"पोचणार नाही आपण," हे म्हणाले. मग त्यांची मान एकदम वर आली. "जावईबापू, काठाच्या टोकाला एक चहाची टपरी आहे. माझे डोळे पोचत नाहीत. बस तिथे थांबलीय का बघा."

जावईबापूंनी डोळ्यांवर हात धरला. "अजून चालतेय. आता थांबली."

"माणसं काय करतायत?"

"उतरतायत. ड्रायव्हर टपावर चढतोय. खोकी काढतोय बहुतेक."

"बरीच आहेत?"

"टप भरलाय, बाबा."

"मग पळा," हे म्हणाले. "खोकी उतरेपर्यंत बस हलत नाही."

जावईबापूंनी फोनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. आणि आम्ही पळालो! झुडपं ओरबाडत होती. श्वास पुरत नव्हता. टेकडीच्या माथ्यावरून पाहिलं तर बस टपरीवरून सुटलेली! उतारावर आम्ही बसून घसरलो. खाली ओढा. त्यावरचा लाकडी साकव मोडून पडलेला. पाणी फेसाळत होतं.

"हात धरा," हे म्हणाले आणि पहिले आत शिरले. पाणी मांड्यांपर्यंत. मधोमध जावईबापूंचा पाय दगडावरून निसटला. ते कमरेएवढ्या पाण्यात बसले, वाहू लागले. यांनी त्यांच्या कॉलरला धरलं आणि मी यांच्या कोटाला. ओढलं! पुन्हा ओढलं! तिघंही पलीकडच्या काठावर पालथे पडलो.

हॉर्न वाजला. मी उठले, रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले. बस थांबत नाही म्हणजे काय, बघतेच म्हटलं!

थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "अहो काका, तुम्ही मघाशी तिकडे होतात ना? तुम्ही सलाम केलात, मीही केला. बसायचं होतं तर सांगायचं नाही का?"

अख्खी बस हसली. हेही हसले. किती दिवसांनी हसले! कंडक्टरने आमच्या ओल्या कपड्यांकडे पाहून नाक मुरडलं, पण मागची सीट दिली. आम्ही निथळत बसलो. बाहेर तळं तांबूस होत चाललं होतं. जावईबापूंनी बूट काढून उलटे केले, तर त्यातून ओढ्याचं पाणी आणि दोन खडे निघाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भिजूनही जिवंत होता तो! पलीकडून लेकीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अंधार पडतोय. न्यायला येऊ का गाडी घेऊन?"

बस चुकली होती, हे खरंच होतं. गाडी बोलवायची वेळ आली होती, हेही खरं. जावईबापू जे सांगतील ते मला मान्य करावंच लागणार होतं. यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

जावईबापूंनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं.

"नको येऊस," ते फोनवर म्हणाले. "आम्ही बसमध्ये आहोत. आई-बाबा त्यांच्या घरी उतरतील. आणि ऐक, त्या घराचं पुन्हा काढायचं नाही. मला बुडताना बाबांनी ओढून काढलंय. आपणच त्यांच्या शेजारी राहायला यावं असं वाटायला लागलंय मला."

यांनी मान वळवलीच नाही. पण उजवा पाय, जो सकाळपासून प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होता, तो लांब करून हे सीटवर रेलले, आणि आमचा थांबा येईपर्यंत पहिल्यांदाच, प्रवाशासारखे, गाढ झोपले.