ताराचा वाटा

नवागामच्या यंत्रमाग वस्तीतल्या त्या खोलीत चार माणसं जेवायला बसली तर पाचव्याला उंबऱ्यावर बसावं लागे. तिथे आखाजीचे मांडे कुठून होणार? म्हणून रंजनाने गावाहून आणलेलं मातीचं खापर, पुरणाचं पातेलं आणि कणकेची परात चाळीमागच्या मोकळ्या मैदानात नेली. तीन विटा मांडून चूल केली, मोडक्या खोक्यांची लाकडं पेटवली आणि त्यावर खापर उपडं घातलं. सासू धुरपदाबाई पाट घेऊन शेजारी येऊन बसली. ऊन डोक्यावर आलं होतं. वीज गेल्यामुळे आसपासचे माग थांबले होते. एरवी ज्या खडखडाटात झोपायचं, तो नसल्यामुळे कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं.

रंजना ही गजेंद्रची दुसरी बायको. पहिली, तारा, त्याच खोलीत जळून गेली. स्टोव्ह भडकला, असं धुरपदाबाईने पोलिसांना सांगितलं आणि गजेंद्रने मान हलवली. चाळीत कुणी काही बोललं नाही. शेजारच्या कलाबाईने मात्र रंजनाच्या लग्नानंतर हळूच सांगितलं होतं, "आगीच्या वेळी दोघं मायलेक बाहेरच उभे होते. शांत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांचा सण. पहिला मांडा त्यांच्या नावाने विस्तवावर ठेवायचा. रंजनाने धीर करून सासूला विचारलं,

"आत्या, तारासाठे एक काढू का?"

"तिले कसाले?" म्हातारी थंडपणे म्हणाली. "एक नातू दिन्हा नही तिनी. तिना वाटा नही."

रंजनाने पुरण भरलेला गोळा तळहातांवर घेतला, वाढवत वाढवत कोपरांपर्यंत नेला आणि खापरावर अलगद सोडला. मांडा फुगला. त्याच वेळी रॉकेलचा वास आला... चुलीत तर नुसती लाकडं होती.

धुरपदाबाई चुलीपलीकडे बघत होती. तिथे कुणीच नव्हतं.

"सरक तठून," ती पुटपुटली.

"कोन शे, आत्या?"

"भूक लागनी म्हणस..." म्हातारीचा आवाज बारीक झाला. "मी नही देवाव... माले वढू नको..."

मग तिने दोन्ही तळहात पुढे केले आणि मांड्यासकट तापलेल्या खापरावर टेकवले. सावकाश. मांडा नीट भाजला जावा म्हणून हलक्या हाताने दाबतात, तसे.

ती ओरडली नाही. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. चर्र असा आवाज तेवढा येत राहिला. रंजना समोर होती, हात लांब केला असता तर पोचला असता. तो तिने लगेच केला नाही. कलाबाईचे शब्द तिच्या डोक्यात वाजत होते. भानावर आली तेव्हा तिने म्हातारीला ओढलं, पण जमिनीत पुरलेल्या दगडासारखी ती हलेना. कलाबाई धावत आली, तिने हंडाभर पाणी ओतलं. चूल विझली, खापराचे दोन तुकडे झाले आणि म्हातारी मागे कोसळली.

उधन्याला कामावर गेलेल्या गजेंद्रला बोलावून आणलं. रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या. बोटं वाचतील असं काही ते म्हणाले नाहीत. रात्रीसाठी कलाबाई तिथेच थांबली.

दिवेलागणीला नवरा-बायको घरी आले. खोलीच्या मधोमध थाळी होती. थाळीत मांडा होता, पातळ, मोठा, वाफ निघत असलेला. रंजनाचा एवढा कधीच होत नसे.

गजेंद्र सकाळपासून उपाशी होता. न विचारता बसला, तुकडा मोडला, तोंडात घातला. दोन-तीन घास गेले आणि त्याचा चेहरा उतरला.

"हाऊ कोना हातना शे?"

"मना नही," रंजना म्हणाली.

त्याने थाळी लोटायला हात नेला. हात तुकडा मोडून तोंडाकडे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. डोळ्यांतून पाणी गळू लागलं, ओठ भाजून सुजले, तरी जबडा चालूच.

"रंजना... उचल हाई थाटी..."

रंजना बाहेर जाऊन उंबऱ्यावर बसली. बऱ्याच वेळाने तिने वळून पाहिलं. तो अजून खात होता. आणि थाळीतला मांडा अख्खा होता, एका बाजूलाही न मोडलेला.