पट्टीखालचा दिवा

"निहारिका पाटणकर. नोंद नाही," वामन म्हणाला.

चारूने सकाळपासून हाच प्रश्न सहाव्यांदा विचारला होता आणि सहाही वेळा हेच उत्तर आलं होतं. निहारिका पाटणकर म्हणजे चारूची आई.

वामन हा चौकशीच्या खिडकीत बसवलेला बुटका यंत्रमानव. चंद्रावरच्या शीतळवाडीत दोन हजार माणसं राहत, आणि त्यांतलं कोण कुठे आहे हे सांगणं एवढंच त्याचं काम. प्रत्येकाच्या मनगटावरचं कडं आपला ठावठिकाणा कळवत राही. त्या खुणा वसाहतीच्या डेटाबेसमध्ये (तक्त्यांत नीट मांडलेल्या नोंदींच्या कोठारात) जमा होत.

पहाटे चार वाजता चंद्रकंप (चंद्राच्या पोटात होणारा, भूकंपासारखा हादरा) झाला आणि बर्फाच्या खाणीकडे जाणारे दोन्ही बोगदे ढासळले. चारूची आई खाणीत पंप चालवायची. रात्रपाळीला जाताना तिने नेहमीचा तीन कप्प्यांचा डबा नेला होता.

"नोंद नाही म्हणजे काय रे? ती कुठेच नाही?" चारूने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर वामनला कुणी शिकवलं नव्हतं. 

खिडकीमागे, ती सांभाळणाऱ्या कुंदाताई बसल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ शिरीष त्याच पाळीला होता. त्याच्या नावालाही वामन तेच सांगत होता. तरी त्या खिडकी सोडून हलल्या नव्हत्या.

बचावपथकाचे रफीकमामा धुळीने माखलेले आत आले. "कुंदा, धड चालणारं ड्रिल एकच आहे. दक्षिणेला तीन किलोमीटर बोगदा पडलाय. कुठं खणू, सांग. दोनपर्यंत ठिकाण नाही मिळालं, तर मी ड्रिल उत्तरेला वळवणार. तिथं प्राणवायूच्या टाक्या अडकल्यात. उरलेल्यांना तरी श्वास घ्यायला हवा ना!"

घड्याळात एक वाजला होता.

चारूने कपाळ खिडकीच्या फळीवर टेकवलं. तिच्या नाकासमोर, वामनच्या अंगावर, चिकटपट्टीचा एक तपकिरी तुकडा होता. त्याच्याखाली काहीतरी हिरवं लुकलुकत होतं.

"ताई, हे काय आहे?"

"तो दिवा होय? उगाच लुकलुकत असतो. चार वर्षं झाली. डोळे दुखायला लागले, म्हणून पट्टी लावली."

चारूने नखाने पट्टी सोलून काढली. "वामन, हा दिवा कशाचा?"

"डेटाबेसकडून आलेलं काही वाचायचं राहिलं असेल, तर तो लुकलुकतो."

"मग तुझं सांगून झालं, तरी का लुकलुकतोय?"

हे सांगू शकेल असं माणूस एकच होतं.

चारू धावतच आश्रयगृहात गेली. तिथे तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, डोक्याला पट्टी बांधून भिंतीकडे पाहत बसले होते. शीतळवाडीचा डेटाबेस त्यांनीच उभा केला होता. पण सकाळपासून ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

"आबा, वामन 'नोंद नाही' म्हणतो, आणि तरी त्याचा दिवा लुकलुकतच राहतो."

आबांनी मान वळवली. "कधीपासून?"

"कुंदाताई म्हणतात, चार वर्षांपासून."

आबा भिंतीला धरून उठू लागले. "हात दे मला. चल."

खिडकीशी पोचल्यावर त्यांनी वामनच्या पाठीवरचं झाकण उघडलं आणि बोटं चालवता चालवता बोलू लागले. "वामन स्वतः प्रश्न तयार करत नाही. मी प्रश्न आधीच लिहून डेटाबेसच्या पोटात ठेवलेत आणि त्यांना 'माणूसशोध' असं नाव दिलंय. याला स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने हाक मारता येईल असा कामांचा क्रम) म्हणतात. वामन फक्त ते नाव पुकारतो आणि कुणाला शोधायचं ते सांगतो."

"म्हणजे एक हाक आणि एक उत्तर?"

"आधी तसंच होतं. माणूस कोणत्या आश्रयगृहात आहे, एवढा एकच प्रश्न होता. चार वर्षांपूर्वी मी आणखी दोन घातले. इस्पितळात आहे का? आणि कडं बंद पडलं असेल, तर शेवटची खूण कुठून आली?"

"मग तिन्ही उत्तरं एकाच तक्त्यात का नाही घातलीत?"

"कारण रकाने वेगळे. आश्रयगृहाला खाटेचा क्रमांक लागतो, इस्पितळाला डॉक्टरचं नाव लागतं. तिसऱ्या उत्तराला जागा, वेळ आणि तिथे उरलेली हवा लागते. म्हणून तीन तक्ते, एकामागून एक. त्या प्रत्येकाला रिझल्ट सेट (एका प्रश्नाला मिळालेल्या उत्तराच्या ओळींचा तक्ता) म्हणायचं."

चारूच्या डोळ्यांपुढे आईचा डबा आला. "वरचा कप्पा रिकामा निघाला, म्हणून सगळा डबा रिकामा नसतो."

"बरोबर! वाचणाऱ्याने दर कप्प्यानंतर विचारायचं, पुढचं आहे का? आणि 'नाही' येईपर्यंत विचारत राहायचं. रिकामा तक्ता हेसुद्धा एक उत्तरच असतं. उत्तरं संपल्याची ती खूण नव्हे."

"आणि वामन पहिलाच तक्ता वाचतो?"

"त्याला तेवढंच शिकवलं होतं. प्रश्न वाढले, पण हाक मारायचं नाव तेच राहिलं. म्हणून खिडकीवर कळवायची गरज मला वाटली नाही. कवायतीच्या दिवशी सगळे आश्रयगृहातच असायचे, त्यामुळे पहिलं उत्तर पुरायचं." आबांचे हात क्षणभर थांबले. "चूक माझी आहे."

"दिवा मी झाकला, आबा," कुंदाताई हळूच म्हणाल्या.

"ते नंतर. आता तो 'नाही' येईपर्यंत वाचत राहील. चारू, विचार."

चारूने आईचं नाव उच्चारलं.

"पहिला तक्ता, ओळी नाहीत," वामन म्हणाला. "पुढचं आहे का? आहे. दुसरा तक्ता, ओळी नाहीत."

चारूने फळीची कड घट्ट धरली.

"पुढचं आहे का? आहे. तिसरा तक्ता, एक ओळ. दक्षिण बोगदा, पंपघर सात. शेवटची खूण पहाटे चार वाजून बारा मिनिटं. त्या वेळी हवा अकरा तासांची. पुढचं आहे का? नाही."

चार वर्षांत पहिल्यांदा तो हिरवा दिवा विझला.

"शिरीष. शिरीषला बघ," कुंदाताई म्हणाल्या.

पुन्हा दोन रिकामे तक्ते. मग तिसरा. पंपघर सहा. शेवटची खूण त्याच मिनिटाची. हवा आठ तासांची.

घड्याळात दीड वाजत आला होता. कुंदाताईंनी मनातल्या मनात बेरीज केली.  आठ तास सव्वाबारालाच संपले होते.

रफीकमामा दारात उभे होते. "कुंदा, सहा आधी की सात?"

"सात," कुंदाताई म्हणाल्या. "रफीकभाई, उभे काय राहिलात? सातकडे जा!"

ड्रिल तीन वाजून पाच मिनिटांनी पंपघर सातच्या भिंतीतून आरपार गेलं. आत सात माणसं होती. सगळी बेशुद्ध, पण जिवंत. पंपघर सहा संध्याकाळी उघडलं. तिथे चार जण होते, आणि चौघांपैकी एकही जिवंत नव्हता. सकाळीच तिसरं उत्तर वाचलं असतं तर... हे वाक्य शीतळवाडीत कुणी पुरं केलं नाही.

चारूच्या आईच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गेली. तिचा डबा इस्पितळात तिच्या उशाशी ठेवला होता. वरचे दोन कप्पे रिकामे होते. तिसऱ्यात एका चपातीचे सात तुकडे होते.

"संध्याकाळसाठी ठेवले होते," आई म्हणाली. आवाज अजून नीट फुटत नव्हता.

पाचव्या दिवशी कुंदाताई पुन्हा खिडकीत आल्या. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मुलाचं नाव सांगितलं.

"पहिलं उत्तर रिकामं आहे," वामन म्हणाला. "थांबा आजी, अजून दोन बघायची आहेत."

बाई थांबल्या. दुसऱ्या तक्त्यात त्यांचा मुलगा सापडला. इस्पितळ, कक्ष चार. पाय मोडला होता.

त्या गेल्यावर कुंदाताईंनी चारूला आत बोलावलं. चिकटपट्टीचा तो तपकिरी तुकडा त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लावून ठेवला होता. त्याखाली आबांच्या अक्षरात एक यादी होती. पाणी, हवा, औषधं, शाळा. 'माणूसशोध'सारख्या साठवलेल्या प्रश्नांना हाक मारणाऱ्या सगळ्या खिडक्यांची.

"या यादीतल्या कुणाकुणाला आबांनी बदल कळवले नव्हते, ते बघायचंय," त्या म्हणाल्या. "आणि आणखी कुठे कुठे पट्ट्या चिकटवल्यात तेही. येशील?"

चारूने मान डोलावली. दोघी निघाल्या.

त्या दिवशी त्यांना तीन पट्ट्या सापडल्या. तिन्हींखाली दिवा लुकलुकत होता.