परक्या क्रुसापाशी

सकाळी अकराला मनवेलपाड्यातल्या चाळीतून फोन आला. वीस मिनिटांत सब-इन्स्पेक्टर तेजस्वी भोईर त्या खोलीच्या दारात उभी होती. आत मर्लिन पडली होती, गळा चिरलेली. नवरा रॉबर्ट भिंतीला टेकून तिथेच बसलेला. खून त्याने लगेच कबूल केला. बायकोचा पत्ता कोणी दिला, यावर मात्र हूं की चूं नाही.

 आठ महिन्यांपूर्वी मारझोडीला कंटाळून पळालेल्या मर्लिनला तेजस्वीनेच इथे लपवलं होतं. "नाक्यानाक्यावर कॅमेरे लागलेत, घाबरू नकोस," असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता मर्लिनची सहा वर्षांची मुलगी एस्थर शेजारच्या लुईझाकडे होती आणि रॉबर्टचे भाऊ पोरीला शोधत होते. पत्ता फोडणारा मोकळा राहिला, तर तीही सापडणार होती.

रॉबर्टच्या मोबाइलमध्ये एकच फोटो मिळाला, बाकी सगळं पुसलेलं. फोटो सरकारी कॅमेऱ्याच्या पडद्याचा होता. चाळीच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरणारी, ओढणीने तोंड बांधलेली बाई.

"मर्लिन बाहेर कधी गेली होती?" तेजस्वीने लुईझाला विचारलं.

"एकदाच, मॅडम. दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सनाला. उमेळ्याला आयच्या कबरीवर मेनबत्ती लावायला. भर दुपारी गेली, कोन नसताना. आयला भेटून आले म्हनाली. किती खूश होती!" लुईझाने तोंडाला पदर लावला.

कॅमेऱ्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर सुरज घामाघूम झाला.

"तोंड बांधलेली बाई ओळखली कशी?"

"कसम से मॅडम, मी नाय ओळखली. दिवसाला अशा हजार दिसतात."

शिफ्टचा प्रमुख पीटर पुढे आला. उमेळ्याचाच, मर्लिनचा सख्खा मामा. डोळे रडून सुजलेले.

"तुम्हाला शेवटची कधी दिसली?"

"वरीस झालं. फोन नाय, काय नाय." त्याने नाक पुसलं. "बिचारी! आय भिंतीत गेली तेपन तिला ठाऊक नाय. परक्या क्रुसापाशी मेनबत्ती लावून गेली पोर."

दुःखात माणूस काहीही बरळतो, असं म्हणून तेजस्वीने ते सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी उमेळ्याला मर्लिनला मूठमाती दिली. कबर खणणाऱ्या धर्माला तेजस्वीने विचारलं, "हिच्या आईची कबर कुठली?"

"ती आता हितं नाय. जागा कमी ना! काही वरसांनी हाडं काढून त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, नि जागा दुसऱ्याला देतात. हिच्या आयला मे महिन्यात हलवली. पीटरच हुता तवा."

जुन्या जागेवर भलत्याच कोणाचा क्रूस होता. त्याच्या पायाशी वितळून थिजलेलं मेण. तेजस्वीने मान वर केली. दफनभूमीच्या फाटकाच्या खांबावर फिरता सरकारी कॅमेरा होता.

तासाभरात ती कंट्रोल रूममध्ये पीटरसमोर बसली.

"मामा, मर्लिन तिथे एकटीच गेली होती. जागा चुकली हे तिला स्वतःलाच कळलं नाही, आईला भेटले असंच ती सांगत होती. मग मेणबत्ती परक्या क्रुसापाशी लागली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पीटरची नजर समोरच्या पडद्यावर गेली.

"तुम्ही ते या पडद्यावर पाहिलंत. तोंड झाकलेलं होतं, पण तुमच्या बहिणीच्या जुन्या जागेवर गुडघे टेकणारी दुसरी कोण असणार? सुरजला ते कळणं शक्य नव्हतं. मग एकेका कॅमेऱ्यावरून तुम्ही तिला मनवेलपाड्यापर्यंत गाठलंत. त्या दुपारी फाटकाचा कॅमेरा तुमच्याच पासवर्डने फिरलाय. नोंद आहे."

"लगीन मीच जमवलेलं, मॅडम," पीटर हुंदके देऊ लागला. "जावय पाया पडला. माफी मागून तिला घरी नेतो म्हनाला. संसार जुळंल असं वाटलं. मी काय चाकू नाय दिला!"

"पत्ता दिलात."

बेड्या घालताना त्याने विचारलं, "एस्थर कुठं हाय? एकदा बघू द्या."

तेजस्वीला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने बेड्या बंद केल्या.

संध्याकाळी ती एस्थरला दुसरीकडे हलवायला चाळीत गेली. लुईझाने आपली ओढणी पोरीच्या तोंडाला नीट बांधली. बाहेर पडायला गल्ली एकच होती, आणि तिच्या तोंडाशी तोच कॅमेरा.